पंचांशी भांडण्याआधी

त्या दिवशी माझा आवाज इतका चढला होता, की मैदानाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या चहावाल्यानेही वळून पाहिले.

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा होती. आमच्या शाळेचा मुलींचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच तालुक्याबाहेर खेळायला आला होता. मी उर्दू आणि मराठी शिकवते. खेळाशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी सुटीत मुंबईला मामूंकडे गेले की ते आम्हा भावंडांना नागपाड्याच्या मैदानावर सामने दाखवायला न्यायचे. भारताचे कर्णधारपद भूषवलेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतासिर याच वस्तीतले, हे मामू दर वेळी नव्याने सांगायचे. आमच्या शाळेतले क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि मुख्याध्यापकांनी संघ माझ्याकडे सोपवला. "आपा, तुम्हाला निदान या खेळाची माहिती तरी आहे," ते म्हणाले. मलाही तसेच वाटत होते.

सामन्याचे शेवटचे दीड मिनिट राहिले होते आणि गुण बरोबरीत होते. समोरच्या संघाची एक उंच मुलगी आमच्या बास्केटखाली ठाण मांडून होती. तिने चेंडू टाकला, तो कडीला लागून परत आला. तिनेच तो पकडला, पुन्हा टाकला, पुन्हा हुकला, पुन्हा तिच्याच हातात. मी बाकावरून उठले आणि ओरडू लागले, "तीन सेकंद! पंचसाहेब, तीन सेकंद झाले!"

शिट्टी वाजली नाही. चेंडू बाहेर गेला तेव्हा पंच माझ्याजवळून जाताना शांतपणे म्हणाले, "मॅडम, चेंडू बास्केटकडे सुटला की ती मोजणी संपते."

मला ती पळवाट वाटली. मी रेषा ओलांडून दोन पावले मैदानात गेले. "पंचवीस वर्षे हा खेळ बघतेय मी," असे काहीतरी बोलले. त्यांनी तळहात दाखवून मला मागे जायला सांगितले. ही ताकीद होती. मी मागे फिरले खरी, पण प्रेक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इन को कायदा ही नहीं मालूम!" तेव्हा मात्र शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही हातांनी इंग्रजी टी अक्षराची खूण केली. टेक्निकल फाऊल, माझ्या नावावर. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळाला आणि तो बास्केटमध्ये गेला.

आम्ही तीन गुणांनी हरलो. त्यातला एक गुण माझा होता.

पण मला बोचते ते वेगळेच. सामना संपल्यावर मुलींनी रीतीप्रमाणे समोरच्या संघाशी हात मिळवले. मग पंचांची पाळी आली. आमच्या कर्णधाराने, नववीतल्या मुलीने, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मान फिरवली. मग तिने माझ्याकडे पाहिले, शाबासकीच्या अपेक्षेने. परतीच्या गाडीत एका मुलीचे अब्बा म्हणाले, "पंच विकत घेतला होता, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुस्तकात काय लिहिले आहे?

पुढच्या आठवड्यात मी नियमांचे पुस्तक शोधले. शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ म्हणजे फिबा आपली नियमावली इंटरनेटवर मोफत देतो आणि आपल्याकडचे सामने त्याच नियमांवर चालतात. कलम 26 मध्ये तीन सेकंदांचा नियम आहे. आपल्या संघाच्या ताब्यात जिवंत चेंडू असताना, तो प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असताना आणि घड्याळ चालू असताना, खेळाडूने बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकटीत सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचे नाही. बास्केटवर टाकलेला चेंडू हातातून सुटला की संघाचा ताबा संपतो. ताबा संपला की मोजणीही संपते. चेंडू परत हातात आला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे त्या उंच मुलीची दर वेळी नवी मोजणी होत होती. पंचांनी एका वाक्यात जे सांगितले, ते अक्षरशः बरोबर होते.

मी ते पान तीन वेळा वाचले. मग मला प्रश्न पडला, की पंचवीस वर्षे मी जो नियम "जाणत" होते, तो मला कोणी सांगितला होता? आठवेना. मैदानाच्या कठड्यावर बसून कोणीतरी ओरडताना ऐकला असेल. आपले बहुतेक नियम असेच आलेले असतात, कठड्यावरून.

सोमवारी मी मुलींना वर्गात बसवले आणि सांगितले, "चूक माझी होती. पंचांचा निर्णय बरोबर होता." शाळेत इतकी वर्षे शिकवते आहे, पण एवढे अवघड वाक्य क्वचितच बोलले असेन. कर्णधार खाली मान घालून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "आपा, मग मी त्यांच्याशी हात मिळवला नाही, त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

टेबलाजवळचा एक दिवस

जिल्हा संघटनेकडून मी त्या पंचांचा नंबर मिळवला आणि फोन केला. माफी मागितली तर ते हसले. "मॅडम, माफी मागायला फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. रविवारी दुसरी स्पर्धा आहे. या, टेबलाजवळ बसा आणि नुसतं बघा." ते पोस्टात नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी पंचगिरी करतात. मानधन इतके की त्यात येण्याजाण्याचा खर्चच निघतो.

त्या रविवारी मी गुणलेखकाशेजारी बसून पाच सामने पाहिले. मुलांपेक्षा प्रशिक्षकांकडे जास्त पाहिले. आमच्यासारख्यांचे ओरडणे बाहेरून कसे दिसते, ते त्या दिवशी कळले. पाच सामन्यांत जे दावे मी पुन्हा पुन्हा ऐकले, ते आणि त्यांमागचा खरा नियम इथे देते. ज्यांची मुले हा खेळ खेळतात, त्यांना उपयोग होईल.

"ती हलत होती, फाऊल तिचाच!" दोन खेळाडू धडकल्या की हे हमखास ऐकू येते. बचाव करणारीने पुतळ्यासारखे उभे राहिले पाहिजे, असा नियम नाही. तिने आधी समोरच्या खेळाडूकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले पाहिजेत. एकदा अशी जागा घेतली की ती मागे सरकू शकते, बाजूला सरकू शकते, सरळ वर उडीही मारू शकते. तरीही चेंडूवाली तिच्या छातीवर येऊन आदळली तर फाऊल चेंडूवालीचा. मात्र चेंडूवालीने उडी घेतल्यानंतर तिच्या वाटेत येऊन उभे राहिले, तर फाऊल बचाव करणारीचा.

"पाठीवरून घेतला!" उंच खेळाडूने बुटक्या खेळाडूच्या डोक्यावरून हात नेऊन चेंडू पकडला की हा आरडाओरडा होतो. या नावाचा फाऊलच पुस्तकात नाही. धक्का लागला तर फाऊल. धक्का न लावता उंचीचा फायदा घेतला तर तो खेळ आहे.

"तीन पावलं टाकली, ट्रॅव्हल!" 1 ऑक्टोबर 2017 पासून फिबाने हा नियम स्पष्ट केला. धावत असताना चेंडू पकडला आणि त्या क्षणी एक पाय जमिनीवर असेल, तर ते पाऊल शून्य धरायचे. त्यानंतरची दोन पावले नियमात बसतात. कठड्यावरून बघणाऱ्याला ती तीन दिसतात. उभ्या जागेवरून निघताना मात्र हे शून्य पाऊल मिळत नाही. तिथे टेकवलेला पाय उचलण्याआधी चेंडू जमिनीकडे सुटलेला असला पाहिजे.

"पडली, ट्रॅव्हल द्या!" चेंडू हातात असताना खेळाडू पडली आणि घसरत गेली तर काहीच गुन्हा नाही. चेंडू धरून ती लोळली किंवा उठू लागली तर ट्रॅव्हल.

"अहो, टाइम-आऊट मागितला ना मुलीने!" फिबाच्या नियमात खेळाडूने मैदानातून मागितलेला टाइम-आऊट चालत नाही. मुख्य प्रशिक्षकाने किंवा पहिल्या साहाय्यकाने टेबलाकडे मागायचा, आणि तो ठराविक क्षणीच मिळतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात खेळाडूही मागू शकतात, म्हणून टीव्हीवर पाहून गोंधळ होतो. तिथेही मोजणी चुकली की किंमत मोजावी लागते. 1993 च्या अंतिम सामन्यात मिशिगन विद्यापीठ दोन गुणांनी मागे होते आणि 11 सेकंद उरले होते. त्यांच्या ख्रिस वेबरने टाइम-आऊट मागितला, पण संघाकडे एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल फाऊल लागला आणि नॉर्थ कॅरोलायनाने सामना 77–71 असा जिंकला.

पंच कसे ऐकतात, कसे बोलतात

त्या दिवशी पंचांच्या वागण्यातही एक शिस्त दिसली. चेंडू खेळात असताना ते कुणाशी वाद घालत नव्हते. कोणी प्रश्न विचारला तर चेंडू थांबल्यावर एका वाक्यात उत्तर देत. कोणी नुसतेच "काय चाललंय हे!" म्हणून ओरडले तर उत्तर देत नव्हते, कारण त्यात प्रश्नच नव्हता. उत्तरात "मी काय पाहिले" एवढेच असे: "हात मनगटाला लागला," "तिने आधी जागा घेतली होती." आवाज चढला की तळहात दाखवत. त्यानंतरही थांबले नाही तर टेक्निकल फाऊल, आणि तो देताना चेहऱ्यावर राग नसे.

जेवणाच्या सुटीत मी विचारले, "प्रशिक्षकाला नियम माहीत नाही हे दिसत असताना तुम्ही तिथेच समजावून का सांगत नाही?"

ते म्हणाले, "मॅडम, त्या वेळी माणूस शिकायच्या मनःस्थितीत नसतो. एक वाक्य पेरून ठेवायचं. कधीकधी ते आठवड्याने उगवतं." मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ते आठवड्यानेच उगवले होते.

"आणि तुमची चूक झाली तर?"

"होते की. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचं. पण एका बाजूची चूक फिटावी म्हणून दुसऱ्या बाजूला खोटा फाऊल द्यायचा नाही. त्याने दोन चुका होतात."

इन्साफ हा शब्द मी वर्गात किती वेळा शिकवला असेल! त्या पत्र्याच्या शेडखाली डबा खाताना तो मला नव्याने समजला.

प्रशिक्षकाचे तोंड बंद ठेवणारा काळ

हा खेळ जन्मला डिसेंबर 1891 मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि 13 नियम लिहिले. त्या 13 नियमांत दोन अधिकारी होते. एकाने खेळाडूंवर आणि फाऊलवर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने चेंडूवर. प्रशिक्षक त्या नियमांत कुठेच नव्हता. पुढे 1910 मध्ये अमेरिकेत असा नियम झाला, की सामना चालू असताना संघाशी संबंधित कोणीही बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्या वेळी ताकीद, त्यानंतर समोरच्या संघाला फ्री थ्रो. तिथल्या महाविद्यालयीन खेळात टाइम-आऊटमध्ये खेळाडूंशी बोलायची परवानगी प्रशिक्षकांना मिळाली ती 1948–49 च्या मोसमात.

हा इतिहास वाचल्यावर वाटले, बाकाजवळ उभे राहून बोलण्याची मुभा ही किती उशिरा मिळालेली सवलत आहे! ती कशी वापरायची, हे आपल्यावर आहे.

टेबलाजवळच्या गोंधळाने काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमधला अंतिम सामना. तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकून संघाला 50–49 असे पुढे नेले. सोव्हिएत प्रशिक्षकांचे म्हणणे होते, की आम्ही टाइम-आऊट मागितला होता. तो मागितला का, कधी मागितला आणि टेबलाला कळला का, यावरून गोंधळ उडाला. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्यायला लावले. अखेर ते तीन सेकंद तीनदा खेळले गेले आणि तिसऱ्या वेळी अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट करून सोव्हिएत संघाला 51–50 असा विजय मिळवून दिला. सामन्याचे ब्राझिली पंच रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. अमेरिकेची तक्रार 3 विरुद्ध 2 मतांनी फेटाळली गेली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके कधीच स्वीकारली नाहीत. ज्यांच्या हातात शिट्टी होती, त्यांच्या हातून निर्णय निसटला आणि पन्नास वर्षे उलटून गेली तरी तो वाद मिटलेला नाही.

स्कार्फचा नियम

एक नियम आपल्या घरांतल्या मुलींसाठी वेगळा सांगायला हवा. फिबाच्या सामन्यांत पूर्वी डोके झाकायला मनाई होती. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कतारच्या महिला संघाला हिजाब काढायला सांगितले, तेव्हा त्यांनी खेळण्यास नकार दिला आणि स्पर्धेतून माघार घेतली. अनेक खेळाडूंनी यासाठी पाठपुरावा केला आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून नियम बदलला. आता डोके झाकून खेळता येते. अटी मात्र आहेत. रंग संघातल्या सगळ्यांचा एकच असावा. डोळे, नाक, ओठ झाकलेले नसावेत. गळ्याशी किंवा चेहऱ्याशी उघडझाप करणारे बंद नसावेत. कोणताही भाग बाहेर आलेला नसावा.

याचा साधा अर्थ असा, की टाचणी किंवा सेफ्टी पिन लावलेला ओढणीचा स्कार्फ चालणार नाही. डोक्यावरून घालायचा, अंगाबरोबर बसणारा, शिवलेला स्कार्फ हवा. आमच्या दोन मुली स्कार्फ घालतात. दुसऱ्या वर्षी एका प्रशिक्षकाने हरकत घेतली, "याला परवानगी नाही." वर्षभरापूर्वी मी तिथेच तोंडाला तोंड दिले असते. या वेळी मी पिशवीतून नियमांचे पान काढून पंचांना दिले. त्यांनी ते वाचले, मुलींचे स्कार्फ पाहिले आणि त्या प्रशिक्षकालाही दाखवले. तेही भले गृहस्थ होते. "मला जुना नियम माहीत होता," म्हणाले. मी मनात म्हटले, साहेब, तुमचे-माझे दुखणे एकच आहे.

हक्काने कसे बोलावे

नियम पाळायचे म्हणजे गप्प बसायचे, असे मुळीच नाही. पुस्तकाने प्रत्येकाला बोलायची जागा दिली आहे. मैदानावर संघाची प्रतिनिधी कर्णधार असते. चेंडू आणि घड्याळ थांबलेले असताना ती अदबीने पंचांना माहिती विचारू शकते. अशाच वेळी प्रशिक्षक टेबलाकडून गुण, फाऊल, टाइम-आऊट यांची मोजणी विचारू शकतो. घड्याळाची किंवा गुणलेखनाची चूक झाली आणि ती दुरुस्त झाली नाही, तर निकालाविरुद्ध तक्रारीची सोय आहे. त्यासाठी सामना संपल्यापासून 15 मिनिटांच्या आत कर्णधाराने गुणपत्रकावर सही करावी लागते. "धक्का लागला होता, पंचांना दिसला नाही" अशा गोष्टीवर मात्र तक्रार होत नाही. तिथे पंचांचे डोळेच शेवटचे.

दुसऱ्या वर्षीच्या त्याच स्पर्धेत उपांत्य सामना होता. शेवटच्या सत्रात समोरच्या संघाचा फाऊल झाला आणि पंचांनी आम्हाला नुसता बाजूने चेंडू दिला. मी वहीत मोजत होते. तो त्यांचा त्या सत्रातला पाचवा फाऊल होता. एका सत्रात संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात. घड्याळ थांबलेले होते. मी टेबलाशी जाऊन विचारले, "फाऊल किती झाले, एकदा मोजता का?" गुणलेखकाने बोट ठेवून मोजले, गडबडला आणि पंचांना बोलावले. पंचांनी मान हलवली आणि आमच्या मुलीला फ्री थ्रोच्या रेषेवर उभे केले.

तिने दोन्ही हुकवले. आम्ही तो सामनाही हरलो.

पण गाडीत कोणी पंचांचे नाव काढले नाही. मुली बोलत होत्या ते फ्री थ्रोच्या सरावाबद्दल. आणि त्याआधी, हात मिळवायची वेळ आली तेव्हा आमची कर्णधार, आता दहावीत गेलेली, रांग सोडून सर्वांत आधी पंचांकडे गेली होती. पंच तेच होते. ती त्यांना काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. मी विचारलेही नाही.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आई-वडिलांना आणि शिक्षकांना एवढेच सांगावेसे वाटते. मुले चेंडूकडे बघतात तितकीच आपल्याकडेही बघतात. ओरडण्याआधी स्वतःला विचारा, हा नियम मी वाचला आहे की ऐकला आहे? वाचला असेल तर शांतपणे विचारायला पुरेसा आहे. ऐकलेला असेल तर आज गप्प बसा आणि रात्री घरी जाऊन वाचा.